शिळ्यापाक्याची वही

निळ्या पुठ्ठ्याची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात रात्रीच्या जेवणाचे पदार्थ लिहिले आहेत. सगळे उरलेल्या अन्नाचे, आणि सगळे माझ्या सासूबाईंचे. माझ्यासोबत नोकरी केलेल्या बायका अजून ती वही मागतात. मी देत नाही. एखादा पदार्थ तोंडी सांगते, तोही चिडून, आणि विषय बदलते.

नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं, त्याच धामधुमीत मला एका नव्या खात्यात कारकुनाची नोकरी लागली. खातं नवं, इमारत जुनी, फाइली भोपाळहून ट्रकने आलेल्या. आमच्या कक्षात पाच जणी होतो, त्यातल्या दोघी फाइलींबरोबरच भोपाळहून आलेल्या. दुपारी डबे उघडले की पहिला घास घ्यायच्या आधी कोणीतरी विचारायचीच, "आज शाम को क्या बनेगा?" सहा वाजता घरी पोचणाऱ्या बाईला हा प्रश्न साहेबाच्या नोटिशीपेक्षा जड असतो. मग एकीने सांगायचं, दुसरीने त्यात भर घालायची, तिसरीने नाक मुरडायचं. दोन-तीन महिने मी नुसती ऐकत होते. सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. माझं माहेर पिढ्यान्‌पिढ्या रायपुरातलं, बोलायला मराठी आणि खायला भात. रात्री वरण-भात, फार झालं तर बटाट्याची भाजी.

सासूबाई वर्ध्याजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर नाइलाजाने आमच्याकडे आल्या होत्या आणि रायपूरबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघत नव्हता. इथली माणसं दोन्ही वेळा भात खातात याचाच त्यांना राग. "भात काय, आजाऱ्याचं खाणं हाय," असं म्हणायच्या. स्वतःच्या दोन ज्वारीच्या भाकरी स्वतः थापायच्या, आणि ठेचा नि बुक्कीने फोडलेला कांदा घेऊन जेवायच्या. मला भाकरी येत नव्हती. थापायला घेतली की तुटायची, आणि तव्यावर पोचलीच तर नकाशा व्हायचा. "तुले भाकर येत नाही, माह्या लेकाले काय खाऊ घालशीन वो?" असं रोज एकदा तरी ऐकवायच्या. मीही तोंडाची तिखट. "तुमचा लेक भात खाऊन जाडा झाला, आई," म्हणून मोकळी व्हायचे.

आमच्याकडे भांडी घासायला गुढियारीहून एक बाई येत असे. रात्रीचा उरलेला भात मी तिच्यासाठी पाण्यात घालून ठेवायचे. तो सकाळी ती मागच्या पायरीवर बसून मीठ-कांदा-मिरचीशी खायची. त्याला ती बासी म्हणायची. छत्तीसगडात गरिबाघरचं हेच सकाळचं जेवण, पोट थंड ठेवणारं. सासूबाईंना ते बघवत नसे. "पाण्यातला भात! ढोरं बी तोंड लावणार नाही," असं त्या तिच्यासमोर म्हणायच्या. ती त्यांना दाई, म्हणजे आई, म्हणे; हसून सांगायची, "दाई, एक दिन खा के तो देख!"

पुढच्या आषाढात सासूबाई एकदम म्हणाल्या, "रातचं मी पाहात जाईन आता. तू थकून येतं." माझी नोकरी पक्की व्हायला वर्षभर बाकी होतं, रजा घ्यायची चोरी होती. मला तर देव पावला.

त्यांच्या हाताला चव होतीच, पण उरलेल्यातून नवं करायची ही कला मला ठाऊक नव्हती. पहिल्या रात्री त्यांनी सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा केला. पोळी अगदी रव्यासारखी बारीक चुरलेली, कांद्याची फोडणी, आणि शेवटी ताकाचा हबका मारून वर झाकण. मऊ लुसलुशीत. दुसऱ्या दिवशी मी तो डब्यात नेला तर चौघींनी मला घासभरही ठेवला नाही. त्याच दिवशी मी वही घेतली.

मग दर चार-आठ दिवसांनी वहीत एक पदार्थ चढत गेला. शिळ्या पोळीच्या पट्ट्या पातळ वरणात शिजवून केलेल्या चकोल्या. सकाळचा भात दह्यात कालवून, घोटून, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. दुधीची उरलेली भाजी घोटून केलेलं कढण. आंबट झालेल्या ताकात ज्वारीचं पीठ लावून केलेली आंबील. मी लिहून घ्यायचे, दुपारी वाचून दाखवायचे. भोपाळच्या दोघी म्हणायच्या, "सास हो तो ऐसी!" माझी लेक मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर द्यायची. तीसुद्धा ताट चाटून म्हणायची, "आजी का मऊ-मऊ खाना बेस्ट है." माझी मान ताठ झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या सासूचं मला कौतुक वाटत होतं.

त्यांची स्वतःची भाकरी बंद झाली होती. विचारलं तर "हातात जोर नाही राह्यला." कांदा बंद झाला, तर चातुर्मास होता. मिरची बंद झाली, तर पित्त. आम्हा सगळ्यांचं झाल्यावर मागून जेवायची त्यांची सवय जुनीच होती, त्यामुळे ताटात त्या काय घेतात ते कोणी पाहिलं नाही. दंडात पोलकी ढगळ व्हायला लागली तेव्हा मी मशीनवर बसून ती आत घेतली. दिवाळीच्या आधी पुन्हा घेतली. "उपास फार करता तुम्ही," एवढंच म्हणाले. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि एका सकाळी मी मागच्या दारी गेले तर सासूबाई आणि आमची बाई शेजारीशेजारी पायरीवर बसलेल्या, दोघींच्या हातात बासीची वाटी. मी इतक्या जोरात हसले की नवरा दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन धावत आला. "आई, आता तुम्ही पक्क्या छत्तीसगडी झाल्या!" मी म्हटलं. त्यांनी वाटीतलं पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाल्या, "हव." इथली माणसं होकार देतात तसाच हव. आम्ही पोट धरून हसलो. ऑफिसात मी ते पाच वेळा सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: बासी, पाणी जास्त, कांदा-मिरची नको, भात बोटांनी पूर्ण मोडावा. अखेर त्यांनी या गावाशी जुळवून घेतलं, म्हणून मला भरून आलं होतं. त्या आनंदाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या भरात मी ठरवलं की त्यांच्यासाठी भाकरी शिकायची. तीन रविवार माहेरच्या गल्लीतल्या एका वऱ्हाडी बाईकडे जाऊन चोरून शिकले. चातुर्मास संपला होता. त्यांच्या ताटात कांदा पुन्हा आला नव्हता, पण ते माझ्या लक्षातही आलं नाही. नवऱ्याने गोल बाजारातून टपोरी ज्वारी आणली, ताजी दळून घेतली. रविवारी दुपारी पिठलं, लसणाचा ठेचा आणि भाकरी असा बेत केला. पहिली फाटली ती मी ताटलीखाली दडवली. तिसरी मात्र टम्म फुगली. सासूबाईंना सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं आणि ती पानात वाढली.

त्यांनी भाकरीकडे पाहिलं, वरचा पापुद्रा बोटाने उचलला, आतली वाफ नाकाशी घेतली. "सुटला वो पापुद्रा," म्हणाल्या. घास तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत राहिल्या. मी पळी हातात घेऊन बघत उभी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला वाटलं कौतुकाचं. मग त्या उठल्या, मोरीत जाऊन आल्या आणि उरलेल्या भाकरीची घडी करून म्हणाल्या, "पोट भरलं बाई."

मागाहून मोरी धुताना जाळीवर तो घास दिसला. चावून चावून पांढरा झालेला, अख्खा.

माझं डोकं फिरलं. मी तशीच ओल्या हाताने बाहेर आले आणि नवऱ्यासमोर बोलले, "आवडली नाही तर तोंडावर सांगायचं. मोरीत थुंकायला मी काय विष कालवलं होतं?" सासूबाईंनी घडी केलेली भाकरी ताटलीखाली झाकून ठेवली. मग म्हणाल्या, "कच्ची राह्यली होती जराशी."

ती कच्ची नव्हती, हे मला माहीत होतं. म्हणून तर आणखीच लागलं. मी जाहीर केलं की उद्यापासून रात्रीचं मीच करणार, गरम आणि ताजं. या घरात शिळं म्हणून काही उरणार नाही. आणि मी बोलल्यासारखी वागले. रोज सहाला येऊन पोळ्या लाटल्या, सुकी भाजी केली, भात मोजून लावला. बाईच्या बासीपुरताही मागे ठेवला नाही. आठ दिवस सासूबाईंशी कामापुरतं बोलले. त्यांचं ताट मी वाढून ठेवायचे, ते धुतलेलं दिसायचं. त्यातलं अन्न मागच्या गल्लीतल्या गाईला जात होतं हे मला नंतर कळलं.

नवव्या दिवशी ऑफिसला निघताना मी काहीतरी विसरले म्हणून परत आले. आमची बाई स्वयंपाकघराच्या दारात एक छोटा डबा पदराखाली लपवत होती. मी हिसकून उघडला. आत पांढरं पाणी होतं, भाताचं, तळाशी चार शितं. "काय लावलंय हे? माझ्या घरात अन्न नाही म्हणून तुझ्या घरून आणतेस?" मी हिंदीत तिच्यावर ओरडले. ती घाबरली नाही. म्हणाली, "दीदी, दाई ले लीलत नइ बनय. पसिया भर जाथे." दाईला गिळता येत नाही, फक्त पेजेचं पाणी जातं. मग माझं तोंड पाहून हळू म्हणाली, "मैं तो समझत रहेंव तुमन जानत हव."

ती समजत होती की आम्हाला ठाऊक आहे.

सासूबाई खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. मी विचारलं, "काहून नाही सांगितलं?" इतक्या वर्षांत त्यांच्या बोलीत मी बोललेला तो पहिलाच शब्द. त्या म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याच्या दुखण्यात माह्यं घर कसं धुऊन गेलं ते म्या पाह्यलं. तुही नोकरी पक्की व्हायची होती. म्हटलं, तेवढं होऊन जाऊ दे." मग खालच्या आवाजात, "घास मऊ असला की जात होता वो. मंग मंग तोही नाही."

डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. अन्ननलिका जवळजवळ बंद झाली होती, आणि जे होतं ते पुढे पसरलं होतं. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर, एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी वही काढली आणि पहिल्या पानापासून ओळीने वाचली. आधी पोळीचा चुरा, मग वरणात शिजवलेल्या पट्ट्या, मग घोटलेला भात, मग कढण, मग आंबील, शेवटी भाताचं पाणी. पान उलटलं की घास बारीक होत होता आणि पाणी वाढत होतं. त्यांच्या गळ्यातली वाट कशी मिटत गेली ते मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि दुपारच्या डब्यावर वाचून शाबासकी घेतली होती. आणि त्यातही घासभर जे जात होतं, ते मी आठ दिवस रागापायी बंद केलं. आठ दिवस माझी सासू माझ्या घरात उपाशी होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

फागुनात त्या गेल्या. तोवर मी रजा टाकली होती. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून टाकली, आणि नोकरी टिकलीही. आमची बाई सकाळी पसिया काढायची, मी चमच्याने पाजायचे. एक वाटी पाजायला तास लागायचा.

जायच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी त्या म्हणाल्या, "भाकर कर."

"आई, तुम्हाला कसं..."

"मले नाही. तू खाय. माह्यासमोर बसून."

मी पीठ मळलं. थापली, भाजली. फुगली. ताटली घेऊन त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसले. त्यांनी पापुद्रा उचलायला लावला, वाफ नाकाशी न्यायला लावली. "त्या दिवशी कच्ची नव्हती वो," त्या म्हणाल्या. "चांगली भाजली होती. तुले खोटं बोलली मी."

मी घास तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला. खाली जाईना.

"चाव," त्या म्हणाल्या. "नीट चाव. घाई नको करू. हां. आता गिळ."

मी गिळला. माझ्यासोबत त्यांचाही गळा वर आला आणि खाली गेला.

"अजून एक घे," त्या म्हणाल्या.

मी घेतला. त्या बघत राहिल्या, आणि प्रत्येक घासाला त्यांचा गळा हलत राहिला. मी ती भाकरी पूर्ण खाल्ली. त्या दिवशी आमच्या घरात काही उरलं नाही.