वाहिद पिंजाऱ्याची तात

“मंग दोनच सुया घेतल्या ना त्यानं, जहर तं नाई घेतलं!” रौशनबी सुनेवर ओरडली. “लेकरासाठी माणूस काय काय करते!”

“अम्मा, त्याइचे पाय तं पाहा. सुजून खांब झाले,” सईदा म्हणाली. “अन् ही रुई पाहा. पुंडलिकराव सकाळी काय म्हणून गेले, ऐकलं ना? वाहिद गा, ही गादी हाय का गिट्टी?”

अंगणात पुंडलिकरावांच्या मुलीच्या लग्नातल्या गादीची रुई पसरली होती. ती ढगासारखी फुलायला हवी होती. पण इतकी झोडपली गेली होती की तिच्या बारीक गाठी झाल्या होत्या. त्या गाठींमध्ये वाहिद खाली मान घालून बसला होता. चेहरा लालबुंद, कपाळावर पोरासोरांसारख्या पुटकुळ्या. काल त्यानं भाकरीची थाळी भिंतीवर फेकली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

बोरी अरब गावात वाहिदला तोंडानं ओळखणारे थोडे, कानानं ओळखणारे सगळे. थंडी पडू लागली की कुठल्यातरी अंगणातून त्याच्या पिंजणावर, त्या धनुष्यासारख्या अवजारावर, ताणलेल्या तातीचा आवाज येई. लाकडी दस्ता तातीवर आपटला की ती घुमे, रुई उडे आणि उन्हात तरंगत राही. सईदा नवी नवरी होऊन आली तेव्हा नवऱ्याकडे नीट बघायची लाज वाटे. तिनं आधी तो आवाजच ओळखीचा करून घेतला. चुलीपाशी बसून ती ऐके आणि तिला वाटे, घरभर कोणीतरी हळूहळू पांढरं आभाळ अंथरतंय.

दोन वर्षांनी वाहिदला गालफुगी झाली. मोठ्या वयात झाली आणि खाली अंडकोशांत उतरली. सूज गेली, ताप गेला, पण त्याच्यातलं काहीतरी कायमचं सुकून गेलं. दाढी विरळ झाली. दंड बायकांसारखे मऊ पडले. तातीचा आवाज खाली खाली जाऊ लागला आणि भरदुपारी वाहिद रुईच्या ढिगात झोपू लागला. उठला की स्वप्न सांगे. मी रुईचा पुंजका झालो व्हतो, अडाणच्या पाण्यावरून जाऊन राह्यलो व्हतो, वजनच नव्हतं मले. सईदाला ते स्वप्न फार आवडे. तिच्याही डोळ्यांपुढे नदी संथ वाहू लागे. मग लक्षात येई, त्या स्वप्नात आपण कुठंच नाही.

शेवटी वाहिद यवतमाळच्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, पुरुषाच्या अंगात जो रस बनतो तो तुझ्यात बनत नाही, तो बाहेरून द्यावा लागेल. तेलातलं इंजेक्शन, तीन आठवड्यांनी एक. रक्तात तो किती आहे हे मोजायची सोय माझ्याकडे नाही. दाढी, झोप, हातातला जोर कसा राहतो ते येऊन सांगत जा. फार चढउतार वाटला तर मात्रा लहान करून लवकर लवकर देऊ.

घरी येऊन वाहिद एवढंच म्हणाला, “ताकद येईन.”

ताकद आली. गावातला कंपाउंडर सुई टोचे, की थोड्याच दिवसांत तात चढ्या आवाजात वाजू लागे. मग ती सुरात येई. ते मधले दिवस सईदाचे लाडके. अंगणात ऊन आणि रुई एकमेकांत मिसळून जात आणि वाहिद काम करता करता तिच्याकडे बघून हसे. पुढची सुई जवळ आली की तात पुन्हा पेंगू लागे. पीठ मळता मळता सईदाला कळे, आता हा नदीवर निघाला.

रौशनबीचं गणित सोपं होतं. एका सुईनं दाढी येते, तर दोन सुयांनी पाळणा हलेल. वाहिद नाही म्हणाला नाही. डॉक्टरांनी दोन सांगितल्यात, अशी थाप त्यानं कंपाउंडरला मारली.

“यानं बी नाई झालं,” रौशनबी आता म्हणाली, “तं मी शमसुन्निसाच्या बापाले हो म्हणतो. ईदच्या पयले दुसरा निकाह. बिचारी विधवा हाय, एक लेकरूबी झालतं तिले.”

सईदा हातातली रुई उलगडत राहिली. गाठ सुटत नव्हती.

वाहिदनं पिंजण ओढून घेतलं आणि बोटानं तात छेडली. आवाज बराच वेळ अंगणात घुमत राहिला.

“डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगतलं व्हतं, अम्मा. या दवानं दाढी येते, जोर येते. लेकरू येत नाई. एक घ्या का दहा घ्या. गालफुगीनं बीजच जाळलं माह्यं.”

“मंग दोन कायले घेतल्या रे?”

“नाई म्हटलं असतं तं हे सारं सांगा लागलं असतं.”

सईदानं मान वर केली. “मले तरी काहून नाई सांगतलं?”

“तू गेली असती.”

“कुठं? माहेरी काय मले गादीवर बसवणार हायेत?” सईदाचा आवाज फाटला. “पिंजाऱ्याची बायको मी, गाद्या काय कमी हायेत मले?”

वाहिदला हसू आलं. मग तो उठला, सुजलेल्या पायांवर जरा डगमगला आणि सरळ उभा राहिला.

“उद्या यवतमाळले जातो. डॉक्टर म्हणन तेवढीच सुई, लहान मात्रेची. थाप मारली तेबी सांगतो त्याले. लेकरासाठी नाई, माह्यासाठी घेतो. पुंडलिकरावले नव्या रुईची गादी करून देतो. अन् अम्मा, शमसुन्निसाच्या बापाले निरोप धाड. या घरात दुसरा निकाह होणार नाई.”