छान फुटतोय, काका

काकांचा आवाज आधी मी घालवला. डॉक्टरांनी काढून टाकला तो नंतर.

आम्ही सहा-सात जण ग्वाल्हेरात सीबी रेडिओ चालवतो. गच्चीवर अँटेना, टेबलावर सेट, बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. जयेंद्रगंजातल्या माझ्या खोलीतून बोलणं किला गेटपर्यंत नीट जातं, त्यापुढे नशीब. हातात मोबाईल असताना हे खूळ कशाला, असं घरचे विचारतात. मी सेट चालू करते. रोज संध्याकाळी सातला आमची हजेरी असते, आणि वर्षानुवर्षं ती काका घ्यायचे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, किला गेटला राहणारे, गणिताचे निवृत्त मास्तर.

हजेरी हा त्यांचा वर्गच होता. एकेकाला हाक मारायची, त्याने चार वाक्यं बोलायची, आणि ऐकणाऱ्याने 'मिळालं' म्हटलं की काका लगेच म्हणायचे, "परत सांग." ऐकल्याचं सोंग करणारा तिथल्या तिथे उघडा पडायचा. दाना ओलीतल्या भांडेवाल्या भाईसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. पण त्यांची हजामत हिंदीत व्हायची आणि माझी मराठीत, त्यामुळे मला जास्त लागायचं.

नवी असताना मी एकाला म्हणाले, तुमचा आवाज फुटतोय. इथे आम्ही असंच बोलतो, हिंदीतलं 'फट रही है' कानात बसलेलं असतं. काकांनी सगळ्यांच्या देखत माझी शिकवणी घेतली. आवाज फाटतो, म्हणाले, कापडासारखा. फुटतो म्हणजे गळ्यातून बाहेर येतो. मुक्याला कंठ फुटतो. वर म्हणाले, वडिलांनी हिला मराठी शिकवायची राहिलेली दिसते. माझे वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हे मी विसरले नाही आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

गेल्या वर्षी काकांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाजाच्या नावाने नुसती हवा उरली. हजेरी माझ्याकडे आली आणि मला ती फार आवडली, हे सरळच सांगते. पण काकांनी निरोप धाडला की अँप्लिफायरवाला माइक मागवलाय, आवाज जरा कळायला लागला की हजेरी परत मीच घेणार. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

त्या माइकच्या पोटात सेलवर चालणारा छोटा अँप्लिफायर असतो आणि बाजूला एक नॉब. नॉब थोडा फिरवला तर दबका आवाज वर येतो. जास्त फिरवला तर सेटला ते पेलवत नाही. शब्द चिरडले जातात आणि पंखा, कुकर, रस्त्यावरचा टेम्पो सगळं त्यांच्यावर चढून बसतं. बोलणं लांबही जात नाही. मोठा म्हणजे स्पष्ट नव्हे, हे मला शिकवलं काकांनीच. पण बोलणाऱ्याला आपला आवाज कसा पोचतोय ते ऐकू येत नाही. समोरचा सांगेल तेच खरं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कसा येतोय?" आवाज घोगरा होता, कडेला जरा फाटत होता, पण कळत होता. मी सवयीने म्हणाले, "काका, फुटतोय."

"फुटतोय ना? थांब, अजून वाढवतो."

त्यानंतरचा एक शब्द कळला नाही. नुसती खरखर आणि मागे पंखा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काकांनी माझा शब्द त्यांच्या व्याकरणाने घेतला होता. पोरगी एकदाची शुद्ध बोलायला लागली आणि आपल्याला कंठ फुटला, असं त्यांना वाटलं. माझं बोट बटणावरच होतं. 'फाटतोय' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हो काका, छान फुटतोय."

भाईसाहेबांचा मला फोन आला, "दीदी, काका जी की एक बात पल्ले नहीं पड़ रही." मी म्हटलं, आजारी माणूस आहे, मन मोडू नका, विचारलं तर बढ़िया म्हणा. सगळ्यांना तेच सांगितलं. किती दयाळू वाटले असेन मी! मग रोज सातला काका दोन वाक्यं बोलायचे, आम्ही बढ़िया म्हणायचो. 'परत सांग' म्हणण्याइतका दम त्यांच्यात उरायचा नाही. एकाने त्यांची नक्कल मोबाईलवर पाठवली. मी पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली. हजेरी त्यांना परत द्या, असं कोणीच म्हणालं नाही.

एका गुरुवारी ते दोन वाक्यांवर थांबले नाहीत. दोन-अडीच मिनिटं खरखर चालली. मध्ये एकदा माझ्या वडिलांचं नाव आल्यासारखं वाटलं. मग बटण सोडून ते वाट बघत राहिले.

"मिळालं, काका," मी म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.

शुक्रवारी त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. गाठ परत आली होती, स्वरयंत्रच काढलं. आमच्यापैकी कोणाला याचा पत्ता नव्हता. म्हणजे काकांनी सांगितलं असेल, त्या दोन-अडीच मिनिटांत.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेले. दारातच काकूंनी हात धरला. "दोन दिवस दरवाजा बंद करून लिहीत बसले होते गं. म्हणाले, आखरी बार बोलायचंय, ते हिच्याशीच. मला पण नाही सांगितलं. कागद पण फाडून टाकला."

काका खुर्चीत बसले होते. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, मांडीवर पाटी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिलं, "गुरुवारी नीट पोचलं?"

मी म्हटलं, "हो काका. मिळालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मास्तरांची नजर ती. मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली, सावकाश दोन शब्द लिहिले आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"परत सांग."

माझ्या तोंडून आवाज फुटेना.