थेंबाच्या शेजारची लाकडं

त्या दिवशी वारा साफ पडला होता. सकाळचंच ऊन, पण छपराचा पत्रा हात लावू देईना. कारखान्यांच्या बाजूनं येणारा तो आंबूस वास अंगणात जागच्या जागी उभा होता, पुढे सरकायचं नावच घेईना. ताडाच्या शेंड्याकडे पाहिलं तर एक पातं हलत नव्हतं. असल्या दिवशी माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. माझं थंडीतही फारसं चालत नाही, त्यामुळे उन्हाला दोष देऊन मला सुटता येत नाही.

आता ऐकाच. हसा, पण जरा दमानं हसा. कारण मी त्या दिवशी जो घोळ घातला, त्यात एक माणूस मरता मरता राहिला. आणि तो माणूस कोण? माझा शेजारी! रोज सकाळी कुंपणापलीकडून मला दिसतो. अशा माणसानं तोंड लपवायचं तरी कुठं?

रामा त्याचं नाव. माझ्याच वयाचा, पण अजून ताडावर चढायचा. त्या दिवशीही ताडी काढायला चढला आणि वरून आला. ओरडलासुद्धा नाही. फक्त आवाज झाला, ओलं पोतं टाकावं तसा. मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या परीनं. पोचलो तेव्हा तो डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होता आणि त्याचा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

रामाचा मुलगा वापीला कामाला. घरात फक्त सून, सविता. बोईसरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. पोरगी धीराची. रिक्षा बोलावली, सासऱ्याला फळकुटावर घेतलं आणि गेली बोईसरच्या दवाखान्यात. मी मागे राहिलो. रिक्षात जागा नव्हती.

इथं तुम्हाला आमचं मदत मंडळ सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सवितानंच ते काढलं. पाम, बेटेगाव आणि आमचा पाडा, एवढ्यांचं. अडीनडीला कोण काय देणार, ते ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहिलेलं. कुणाच्या नावापुढे एकच गोष्ट, कुणाच्या तीन-चार. ही माहिती फोनात नसते म्हणे, लांब कुठेतरी ठेवलेली असते, क्लाउडवर. फोनात फक्त तिचं दार. दार उघडायचं, पाहिजे ती गोष्ट निवडायची, की ज्याच्या नावापुढे ती असेल तेवढ्यांनाच निरोप जातो. बाकीचे गाळले जातात. दोन गोष्टी निवडल्या, तर त्या दोन्हींतली एक जरी ज्याच्याकडे असेल, त्याला जातो.

"कळलं का काका?" तिनं विचारलं होतं.

"कळलं की. भात चाळतो तसं."

सगळ्यांत म्हातारा म्हणून मला अध्यक्ष केलेलं, म्हणून ते दार माझ्याही फोनात. मला वाचता येत नाही, तर तिनं माझ्यासाठी चित्रं लावून दिली. रक्ताचा थेंब. टेम्पो. स्वयंपाकाचं मोठं पातेलं. टाळ, म्हणजे भजनवाले. आणि लाकडं. लाकडं कशाची ते तुम्हाला कळलंच असेल. आमच्याकडे माणसं एकमेकांच्या मदतीला येतात ती जास्त करून मयतीलाच, त्याला मंडळ तरी काय करणार?

तर मी ओट्यावर बसलेलो आणि फोन वाजला. सविता. आवाज घाईचा.

"काका, नर्सच्या फोनवरून बोलतेय, माझा बंद पडलाय. बाबांच्या पोटात रक्त साचलंय. ऑपरेशन करायचंय आणि त्यांच्या गटाचं रक्त इथं नाय. तुमच्या फोनात बाबांच्या फोटोखाली थेंबाचं चित्र हाय ना? ते दाबा. मग खालचं हिरवं बटन. माणसं आपल्या अंगणात जमतील, त्यांना टेम्पोत घालून इकडं पाठवा. लगेच हां काका!"

"आता दाबतो, पोरी."

फोन ठेवला. दार उघडलं, रामाचा फोटो शोधला. थेंब दाबला, थेंबाभोवती हिरवी रेघ आली. इथंच थांबून खालचं हिरवं बटण दाबलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीही नसतं!

पण माझं बोट अडलं. थेंबाला हिरवी रेघ आणि शेजारी ते पातेलं, तो टाळ, ती लाकडं, सगळी बिचारी कोरडी. मला कसंसंच झालं. अहो, आमच्या पाड्यावर लग्नाचं बोलावणं करायला मी जातो. आजचं नाही, तरणा होतो तेव्हापासून. बोलावण्यात एक घर वगळलं की संपलं. एकदा माझ्याकडून एक घर राहिलं, तर त्या घरचा म्हातारा अजून माझ्याशी बोलत नाही. वाटेत समोर आला तर शेळीशी बोलतो. मग रामासारख्या माणसासाठी बोलावणं धाडायचं आणि अर्ध्या लोकांना गाळायचं? उद्या म्हणतील, बाबूनं आम्हाला मोजलंच नाही. आणि टेम्पो तर लागणारच होता ना? मग टेम्पो दाबला. पातेलं दाबलं. टाळ दाबला. लाकडंही दाबली. सगळ्यांना हिरवी रेघ आली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

मग खालचं हिरवं बटण.

निरोप सगळ्यांना एकच गेला. सवितानं आधीच लिहून ठेवलेला, त्यात फक्त नाव बसायचं: 'रामा यांच्यासाठी आपली तातडीने गरज आहे. आपण कबूल केलेली मदत घेऊन त्यांच्या अंगणात या.'

आता तुम्हीच सांगा. ज्यानं लाकडं कबूल केलेली, त्याला असा निरोप आला तर तो काय समजेल?

पहिला आला तो पामचा काळूराम. टेम्पो भरून लाकडं. वर दोन हिरवे बांबू आणि सुंभाची गुंडाळी. खाली उतरला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "काका, कसं झालं हो?"

"ताडावरनं पडला."

"जागच्या जागी?"

"नाय रे, बोईसरला हाय. जिवंत हाय तो."

काळूरामनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "व्हय काका. आपल्या मनात तो जिवंतच राहनार."

मी म्हटलं, अरे तसं नाही! पण माझं बोलणं हळू, आणि तोवर त्यानं लाकडं उतरवायला घेतली होती. मागून भजनवाले आले, खाली मान घालून. पातेलंवाले आले. ते शेजारच्या घरात विचारू लागले की दुखवट्याचं जेवण आज की उद्या.

तेवढ्यात आमची म्हातारी बाजारातनं आली. तिला सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं रामाच्या अंगणातली लाकडं पाहिली, हातातली पिशवी सोडली आणि मोठ्यानं रडू लागली. ही बाई माझ्या शब्दावर जन्मात कधी विश्वास ठेवत नाही, पण लाकडांवर लगेच ठेवला! आणि एकदा ती रडली म्हटल्यावर पाड्यातल्या बाया धावून आल्या. मग काय विचारता. आख्खं अंगण रडू लागलं.

आणि थेंबवाले कुठे होते? तेही आले. बेटेगावचा प्रकाश रात्रपाळी करून झोपला होता, निरोप पाहून तसाच उठून आला. त्याच्यामागून आणखी चार-पाच जण. पण अंगणात पाय ठेवला तर समोर काय? बांबू बांधायला घेतलेले, टाळ चाललेले, बाया रडतायत. त्यांनी गाड्या लावल्या, डोक्याला रुमाल बांधले आणि कुंपणाशी ओळीनं बसले. ज्यांचं रक्त तिकडं पाहिजे होतं ती माणसं इकडं मयतीला बसली होती!

मी प्रकाशपाशी गेलो. "प्रकाश, ऊठ बाबा. रगत द्यायला जायचंय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझी दया आली.

"काका, खाली बसा. पानी प्या."

"अरे, तो मेला नाय!"

"माजा बा गेला तवा मी पन असाच बोलत होतो, काका. दोन दिस त्याच्यासाठी ताट वाढलं. होतं असं."

"सविताचा फोन आला होता!"

"मंग लावा ना तिला."

लावला. बंद. नर्सचा लावला, तो कुणी उचलेना. प्रकाशनं माझ्या हातातला फोन हळूच काढून घेतला आणि माझ्याच खिशात ठेवला, लहान पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा.

मी तसाच उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलेलं. तिकडे रामाच्या पोटात रक्त साचत होतं आणि इकडे त्याची तिरडी सुबक होत होती. काळूराम गाठी फार छान मारतो. मला ओरडता येत नाही हो. जन्मात कधी जमलं नाही. पण त्या घटकेला मला एक गोष्ट दिसली. सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. लाकूड, टाळ, पळी. मोकळ्या हातानं बसलेले तेवढेच थेंबवाले.

मी डोळे पुसले. पुसायला पाणी खरंच होतं. आणि म्हणालो, "बरं. गेला तर गेला. पन त्याला आनायला तर पायजे ना? सविता एकली हाय तिकडं. ज्यांचे हात मोकळे असतील, ते टेम्पोत चढा."

एका दमात सगळे उठले. मेलेल्यासाठी उठले. जिवंत माणसासाठी मी सांगत होतो तेव्हा मात्र मला पाणी पाजत होते!

टेम्पोत तिरडीही घेतली. नको म्हटलं तर काळूराम म्हणाला, "काका, आता तुमी काय बोलू नका." दवाखान्याच्या फाटकावर वॉचमननं बांबू पाहिले आणि आत सोडलंच नाही. "इधर से नहीं चाचा, बॉडी पीछे से मिलेगी."

गेलो मागच्या बाजूला. तिथला माणूस जेवत होता. हात धुऊन आला, आत बघून आला. "इस नाम का कोई नहीं है. ऊपर पूछो."

काळूरामनं 'ऊपर' ऐकून आभाळाकडे हात जोडले. मी मात्र जिना धरला. माझ्या पायांना जिना म्हणजे ताडच, पण त्या दिवशी चढलो. मागून ती मोकळ्या हातांची माणसं.

सविता ऑपरेशनच्या दारापाशी उभी होती. आम्हाला पाहून आधी तिचा चेहरा उजळला. मग तिला डोक्याचे रुमाल दिसले, मग काळूरामच्या खांद्यावरचं सुंभ. नर्स बाहेर आली आणि ओरडली, "ब्लड देनेवाले कब आयेंगे?"

"हे काय, आलेत," मी म्हणालो.

प्रकाश माझ्याकडे बघतच राहिला. "काका, म्हंजे तो खरंच..."

"सकाळपासून काय सांगतोय मी!"

डोक्याचा रुमाल न काढता तो तसाच आत जाऊन झोपला आणि बाही वर केली.

रामा वाचला. पण ऑपरेशनला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. किती उशीर चालला असता आणि किती नाही, ते मी विचारलं नाही. पोट सांधलं, पण पायाचं जमलं नाही. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. ताडावर तो पुन्हा चढायचा नाही. हे सांगताना मला हसू येत नाही, तुम्हालाही येऊ नये.

आणि ती लाकडं? मयताला म्हणून आणलेली लाकडं परत कुणी घरी नेत नाही. चुलीतही घालत नाही. ती तशीच त्याच्या अंगणात रचलेली आहेत. रामा खाटेवर बसतो तो बरोबर त्यांच्यासमोर.

बरेच दिवस तो माझ्याशी काही बोलला नाही. मी रोज जायचो, चहा न्यायचो, तो प्यायचा, मी कप घेऊन परत यायचो. सवितानं मंडळाच्या चित्रांत बदल केला. आता माझ्या फोनात एका वेळी एकच चित्र निवडता येतं. मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं.

परवा चहा देऊन उठत होतो, तर त्यानं काठीनं माझा पाय अडवला. म्हटलं, आता शिव्या देतोय. ऐकून घेऊ, त्याचा हक्क आहे. पण त्यानं आधी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला,

"बाबू, एकदा तू आजारी पड. मंग फोन माज्या हातात असंल. मी आदी लाकडं दाबीन. थेंबाचं मागनं बगू."