कानाशी धरलेला नारळ

आमच्या भागाचे जिल्हा परिषद सदस्य उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गावात येतात आणि समाजमंदिरात बसून खबरबात सांगतात. परवाही त्यांनी सांगितलं, टँकरची एक खेप वाढणार, नव्या धोरणात बोअर घ्यायला परवानगी लागणार, शाळेचा निकाल चांगला लागला आणि वरच्या आळीतल्या आत्याबाई गेल्या. सगळं एकाच आवाजात. आम्हीही ते एकाच चेहऱ्याने ऐकलं.

शेवटी सरपंचांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. शाल त्यांनी खांद्यावर राहू दिली. नारळ मात्र, बाजारात आपण सगळेच करतो तसा, नकळत कानाशी नेऊन हलवला. आत पाणी आहे का, ते बघायला.

समाजमंदिरातल्या सगळ्या माना त्या नारळाकडे वळल्या. भाषण कुणालाही शिकता येतं, पण हाताला लागलेली सवय घरातूनच येते, असं मला वाटून गेलं. दुष्काळ त्यांच्या कागदात होता तसा हातातही होता.

"हाय का?" मागे बसलेल्या म्हाताऱ्या कोंडाबाईंनी विचारलं.

त्यांनी नारळ पुन्हा कानाशी नेला.

"हाय, मावशी. थोडं हाय."

तासाभरात त्यांचं हे एवढंच बोलणं सगळ्यांना पटलं.