इंगोलश्टाटच्या फलाटावर हेर ग्रूबर

या सदरात लिहिणारे बहुतेक जण 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' अशी सुरुवात करतात, आणि वाचताना मी दर वेळी मनात म्हणतो — मग लिहितोस कशाला बाबा? आज माझीच पाळी आली आहे. मी मेकॅनिकल इंजिनियर. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही, हा माझा जन्माचा खाक्या. जर्मनीला शिकायला निघताना आईने पुडीत बांधून दिलेला अंगारासुद्धा मी कधी सोडून पाहिला नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

सध्या मी जर्मनीतच, गेर्लिंगेनला मुलाकडे असतो. नव्वदीला टेकलोय. गेल्या शरदात आमच्या मागच्या बागांमध्ये रानडुकरं शिरली आणि त्यांनी सगळी हिरवळ उकरून ठेवली. पलीकडच्या रानात सापळा लावलाय, बघायला चला, असं शेजारी म्हणाले. मी नाही म्हटलं. "वारूम निश्त, आजोबा?" नातीने विचारलं. का नाही, म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत.

गोष्ट १९६१च्या मार्चमधली. मी म्युनिकला शिकत होतो आणि इंगोलश्टाटच्या एका कारखान्यात सहा महिन्यांचं प्रॅक्टिकल करत होतो. शहरात परदेशी माणसाला खोली द्यायला लोक का-कू करायचे, म्हणून बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात राहायचो. खेड्याला खेटून जंगल. घर हेर, म्हणजे श्रीयुत, ग्रूबर आणि त्यांची बायको रेजी यांचं. ग्रूबर पासष्टीचे, शेतकरी आणि पक्के शिकारी. मला नावाने हाक मारणं त्यांच्या जिभेला झेपत नसे, म्हणून मी त्यांचा 'इंजिनियर'. रविवारी मला मांस न घालता बटाट्याचं सूप वेगळं काढून ठेवायला तेच रेजीबाईंना आठवण करून द्यायचे. परक्या मुलखात असं कुणी केलं की माणूस विरघळतो. मीही विरघळलो होतो.

युद्ध हरल्यावर अमेरिकनांनी गावातल्या सगळ्या बंदुका जमा करून घेतल्या होत्या. त्या काळात रानडुकरं बेसुमार वाढली आणि शेतकऱ्यांनी जंगलात सापळे बांधले. पुढे बंदुका परत मिळाल्या, तरी ग्रूबरनी आपला सापळा ठेवला होता. ओकच्या ओंडक्यांचं माणसाच्या उंचीचं कुंपण, आत आपल्याकडच्या अंगणाएवढी जागा, आणि वरून धाडकन खाली पडणारं एकच जड दार. आत मका टाकायचा. मक्याखालच्या तारेला धक्का लागला की दार पडायचं. दाराच्या चौकटीत अंगठ्याएवढी जाड लोखंडी पिन असे. ती घातलेली असली की दार पडूच शकत नाही. संध्याकाळी पिन काढायची, सकाळी घालायची, हा नेम. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे डुकरिणीमागे लहान पिल्लं दिसू लागली की पिन घालून टाकायची, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. पिल्लांच्या आईला हात लावणं म्हणजे शिकाऱ्याने स्वतःच्या तोंडाला काळं फासणं. यावर त्या लोकांत तडजोड नाही.

गेले तीन आठवडे एक एकांडा नर लोकांचे साठवलेले बटाटे उकरत होता, म्हणून रोज रात्री पिन काढलेली असे. अशात गुरुवारी ग्रूबरना ताप भरला आणि पिन परत घालायची राहिली. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. रेजीबाई गोठ्यात होत्या. ते म्हणाले, काल ओढ्याकाठी डुकरिणीचे खूर दिसले, बाजूला बोटाएवढे छोटे खूर. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी जाऊन पिन घाल, आता ती काढायची नाही. मी हो म्हटलं. वीस मिनिटांची तर वाट.

आता माझा पराक्रम ऐका. शुक्रवारीच पाडवा होऊन गेला होता आणि आम्ही सात-आठ मराठी पोरं शनिवारी संध्याकाळी म्युनिकला एकाच्या खोलीवर जमून तो साजरा करणार होतो. श्रीखंड माझ्याकडे. इथला क्वार्क, म्हणजे घट्ट दह्यासारखा पदार्थ, फडक्यात बांधून रात्रभर टांगला की झकास चक्का होतो, हा शोध माझा, आणि त्याचा मला कोण अभिमान! सकाळी उठून साखर घोटली, आईने पाठवलेलं केशर खललं, डबा बांधला, शर्टाला इस्त्री केली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. बसची वेळ झाली. चिखलात बूट घालायचे, परत येऊन पुसायचे... बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला सांगितलं, तीन आठवड्यांत पडलं नाही ते दार आज कशाला पडतंय. म्हणजे मी विसरलो नव्हतो. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

शनिवारी अर्धा दिवस काम. दीडच्या सुमारास इंगोलश्टाट स्टेशनवर म्युनिकच्या गाडीत खिडकीपाशी बसलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. फलाटावर तुरळक माणसं. आणि माझ्या खिडकीसमोर हेर ग्रूबर उभे.

अंगात त्यांचा हिरवा जाड कोट, बटणं न लावलेला. डोक्यावर हॅट नव्हती, आणि हॅटशिवाय हा माणूस गोठ्यातसुद्धा जात नसे. चेहरा तापाने लाल. मी चरकलो, पण भूतबीत मनातही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की पकडलो गेलो. मी खिडकी खाली केली.

"पिन घातलीस का, इंजिनियर?"

आवाज नेहमीचाच, जरा बसलेला. रागाचा नव्हता. त्यांना फक्त माहिती हवी होती.

"हो," मी म्हणालो. "सकाळीच घातली."

त्यांनी मान डोलावली. एखादं ओझं उतरल्यावर माणूस खांदे सैल सोडतो तसे त्यांचे खांदे सैल झाले. मग ते वळले आणि जिन्याकडे चालू लागले. गाडी हलली. मी उतरू शकलो असतो, हे लक्षात घ्या. धावत्या गाडीतूनही तेव्हा लोक उतरायचे. परतीची बस तीनला होती, उजेडात सापळ्याशी पोहोचलो असतो. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. म्हाताऱ्याला तापात एवढ्या लांब आणलं कुणी, म्हणून मनातल्या मनात रेजीबाईंवर चिडलो. माणूस आपली चूक लपवायला किती लांबून कारण शोधून आणतो!

श्रीखंड उत्तम झालं होतं. सगळ्यांनी वाट्या चाटून पुसल्या. मलाही छान लागलं, हे लिहिताना आज लाज वाटते. रात्री कडक थंडी पडली.

रविवारी दुपारी चारच्या बसने परतलो तर गावातली पाच-सहा माणसं जंगलाकडे निघालेली. मी त्यांच्या मागे गेलो. सापळ्याचं दार पडलेलं होतं. डुकरीण आत होती. सुटायच्या धडपडीत तिने ओंडक्यांवर डोकं आपटून घेतलं होतं, एक पाय मोडला होता, म्हणून सकाळी शेजाऱ्याने तिला गोळी घातली. पिल्लं बाहेर राहिली होती. सहा. अंगावर खारीसारखे पट्टे. ओंडक्यांच्या फटींत नाकं खुपसून, एकमेकांना चिकटून, थंडीने मेलेली. तिथली रीत अशी, की मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. तिला शेवटचा घास म्हणतात. त्या डुकरिणीच्या तोंडात कुणी डहाळी ठेवली नव्हती. ही शिकार नव्हे, ही लाज आहे, असं एक जण पुटपुटला.

तेवढ्यात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत ब्लँकेट गुंडाळलेले ग्रूबर, त्यांना धरून रेजीबाई. मी लोकांच्या मागे सरकलो. आता ते सगळ्यांसमोर म्हणणार, काल स्टेशनवर या इंजिनियरने मला तोंडावर सांगितलं की पिन घातली. मी जर्मनमध्ये माफीची वाक्यं जुळवायला लागलो.

ते उतरले, सगळं पाहिलं. फरच्या झाडाची डहाळी मोडून तिचे सात तुकडे केले. एक आईच्या तोंडात ठेवला. मग गुडघ्यांवर बसून एकेका पिल्लाच्या तोंडात. रेजीबाई उठवत होत्या, ते उठेनात. शेवटी उभे राहून बाकीच्या शिकाऱ्यांना म्हणाले, "ताप होता. मला वाटलं मी सांगितलंय. कुणालाच सांगितलं नसणार. चूक माझी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित. तोंडाशी आलेली वाक्यं मी गिळली. खोली जाईल, कारखान्यात कळेल, राहण्याच्या परवान्यावर शिक्का मिळणार नाही... भीतीला कारणं कमी पडत नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रेजीबाई एकट्या होत्या. मी विचारलं, काल त्यांना इंगोलश्टाटला कुणी नेलं होतं?

त्या म्हणाल्या, गुरुवारपासून आज पहिल्यांदा पाय खाली टेकलेत. काल तर ताप इतका चढला की दुपारी डॉक्टरांना बोलावलं. दीडच्या सुमारास त्यांनी इंजेक्शन दिलं तेव्हा मीच हात धरून बसले होते. सारखे पिन, पिन करत होते, उठायला बघत होते. मग एकदम शांत झाले.

"काय म्हणाले माहितीये?" रेजीबाई म्हणाल्या. "'घातली म्हणतो.' एवढंच म्हणाले आणि झोपले. दोन दिवसांत पहिली झोप. कोण म्हणतो, ते मला काही कळलं नाही."

मी वर खोलीत गेलो. अंगावर काटा वगैरे लोक लिहितात तसं काही झालं नाही. मी श्रीखंडाचा रिकामा डबा काढून घासत बसलो.

ग्रूबर बरे झाले, पण महिन्याभरात त्यांनी शिकारीचा परवाना परत केला. कुणी मागितला नव्हता. सापळा त्यांनी स्वतः करवतीने कापला, त्याचं सरपण केलं. गावातल्या खानावळीत शिकाऱ्यांचं एक टेबल होतं. चाळीस वर्षं ते तिथे बसत आले होते. तिथे जाणं बंद झालं. रविवारचं माझं सूप मात्र वेगळं निघतच राहिलं, आणि मी ते पीत राहिलो.

जूनमध्ये माझं प्रॅक्टिकल संपलं. निघायच्या दिवशी ते मला बसपर्यंत सोडायला आले. रेजीबाई घरीच थांबल्या होत्या. बस यायला अवकाश होता. ते हॅट हातात फिरवत म्हणाले, "इंजिनियर, एक विचारू? त्या शुक्रवारी मी तुला पिनचं सांगितलं होतं का? मला सारखं वाटतं सांगितलं होतं. पण तापात माणसाला काहीही वाटतं. मला तर असंही वाटतं, की मी तुला नंतर गाडीपाशी येऊन विचारलं."

तीन महिने मी या प्रश्नाला घाबरून होतो, आणि तो इतक्या साधेपणाने आला. मी हो म्हटलं असतं तर त्या माणसाला त्याचं डोकं, त्याचा मान, त्याचं टेबल, सगळं परत मिळालं असतं. माझं काय जाणार होतं? तासाभरात मी तिथून कायमचा निघणारच होतो.

"नाही," मी म्हणालो. "काही म्हणाला नव्हतात तुम्ही."

"गेनाऊ," ते म्हणाले. बरोबर आहे, म्हणून. आणि त्यांनी माझी बॅग बसमध्ये चढवून दिली.

चौसष्टच्या हिवाळ्यात रेजीबाईंचं पत्र आलं. ग्रूबर गेले. शेवटी शेवटी त्यांचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा राहिला नव्हता, असं त्यांनी लिहिलं होतं. दाराला कडी घातली का हे रात्रीतून चार-चारदा उठून बघायचे, आणि बघितलं हेही त्यांना खरं वाटायचं नाही. मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. त्यातही ते एक वाक्य लिहिलं नाही.

अंथरुणाला खिळलेला माणूस बारा किलोमीटरवरच्या फलाटावर कसा आला, आणि माझं खोटं उत्तर घेऊन परत कसा गेला, हे मला साठ वर्षांत उलगडलेलं नाही. डॉक्टर मित्रांना विचारलं. एक म्हणाला, अपराधी मनाचा भास. असेल. पण भास मला झाला, तर 'घातली म्हणतो' हे त्यांना कसं कळलं? उत्तर नाही. आता त्याची फारशी गरजही वाटत नाही.

रेजीबाईही नाहीत आता. हे वाचणारं तिथलं कुणी उरलेलं नाही, आणि मराठी त्यांना येत नव्हती. तरी लिहितो. तुमचं डोकं शाबूत होतं, हेर ग्रूबर. तुम्ही मला सांगितलं होतंत. दोनदा.