टाइल्स संपतात तिथे

आमच्या गल्लीच्या टोकाला रेल्वेची भिंत आहे. पलीकडे रूळ, आणि रुळांच्या कडेला साऱ्या गल्लीचा कचरा. रेल्वेने दंडाची पाटी लावली, तर पिशव्या पाटीच्या डोक्यावरून जायला लागल्या. मग सोसायटीने भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या. दंडाला न जुमानणारी माणसं देवाला तरी घाबरतील, असं आम्हाला वाटलं.

घाबरतातही. आज सकाळी शेजारच्या वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत निर्माल्य घेऊन आल्या. टाइल्ससमोर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. मग चपला घालून, टाइल्स संपतात तिथवर गेल्या आणि पिशवी पलीकडे भिरकावली. मला पाहून म्हणाल्या, "देवाची फुलं आहेत हो, कचऱ्याच्या गाडीत कशी द्यायची?"

एवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, बघून टाका! माणसं काम करतायत इकडे!"

वहिनींनी जीभ चावली आणि झपाझप घराकडे निघाल्या. उत्तर द्यायला मी एकटा उरलो.

देवाच्या फुलांना पाय लागू नये म्हणून आम्ही केवढं जपतो. ती ज्याच्या अंगावर पडतात, तो माणूस मात्र आमच्या पापपुण्यात कुठेच नाही. टाइल्सवरच्या देवांची तोंडंही आमच्याकडेच. त्याच्या बाजूला नुसती भिंत.

पलीकडे फावडं पुन्हा खरखरू लागलं. त्या माणसाला मी दिसणं शक्यच नव्हतं. तरी माझ्या हातातली निर्माल्याची पिशवी मी पाठीमागे लपवली.