आपण जेवलात का?

मुर्नियाती कुणालाच तोंडावर ‘नाही’ म्हणत नसे. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, बाजारामागे ती तेंपे करते. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, केळीच्या पानात बांधून आंबवायचं. गिऱ्हाईक म्हणालं पुडी लहान आहे, की ही म्हणणार ‘हो’. सासू म्हणाली पोर तुझ्यामुळेच असं निपजलं, तरी ‘हो’. आमच्याकडे मोठ्यांपुढे हो म्हणणं म्हणजे ऐकलं एवढंच, पटलं असं नव्हे. पण हिचं जरा अतीच होतं. झोपेतही होच म्हणत असेल, अशी बाजारात थट्टा चाले.

पोर म्हणजे दमार, सात वर्षांचा, स्वमग्न. आता त्याच्या शाळेचा प्रश्न होता. साध्या वर्गात तो टिकायचा तर शेजारी मदतनीस शिक्षिका हवी. शाळेत तशी एकच होती आणि तिच्यासाठी बरेच आईबाप टपलेले. कुणाला द्यायची, ते मुलांची तपासणी करून शाळेतल्या प्राप्तीबाई ठरवणार होत्या.

त्या दिवशी बाईंनी दमारपुढे ठोकळे मांडले. त्याने ते रंगांप्रमाणे लावून टाकले. नाव विचारलं तर तो बाईंच्या बांगडीकडेच बघत राहिला. मग एकदम, आजोबांशी बोलावं अशा अदबशीर भाषेत म्हणाला, “आपण जेवलात का?”

बाई विरघळल्याच. “अगं बाई, किती गोड! आमची कार्टी मला ‘ए टीचर’ म्हणून हाका मारतात, आणि हा बघा! दमारची आई, वळण लावावं तर तुमच्यासारखं.”

मुर्नियातीचे कान सुखावले. तिच्या पोराकडे बघून लोक हळहळत किंवा नजर चुकवत. इथे एक शिकलेली बाई तोंडभरून बोलत होती. ते तिला इतकं हवं होतं, की ती गप्पच बसली.

“याला कशाला मदतनीस?” बाई म्हणाल्या. “एकटा छान बसेल वर्गात. ती दुसऱ्या कुणाला देऊ. चालेल ना?”

“हो,” मुर्नियाती म्हणाली. जिभेला सवयच होती.

“आपण जेवलात का?” दमारचा आवाज चढला. तो स्वतःचं मनगट चावू लागला.

“जेवले हो, बाळा,” बाई हसून म्हणाल्या.

उद्या वर्गात हा असंच विचारत राहणार आणि सगळे जेवलो म्हणून मोकळे होणार, हे मुर्नियातीला लख्ख दिसलं.

“नाही!” ती इतक्या जोरात म्हणाली की स्वतःच दचकली. “बाई, तो तुमची विचारपूस नाही करत. त्याला भूक लागलीय. वळण लागावं म्हणून सासूबाई रोज असं विचारून त्याला वाढतात, तेवढंच त्याला येतं. पोट दुखलं तरी हेच म्हणतो. मान-बिन काही कळत नाही हो त्याला.”

तिने पिशवीतून तळलेले तेंपे काढून दिले. दमारने मान वर न करता सगळे संपवले.

मदतनीस दमारला मिळाली. घरी जाताना मुर्नियाती रडली. तिच्या पोराचं पहिल्यांदाच कुणीतरी कौतुक केलं होतं, आणि ते तिनेच खोडून काढलं होतं.